बेसूर राखण

विजयमालाबाईंनी क्लॅरनेटात पहिली फुंक मारली तेव्हा शेजारच्या नानीबाईंची म्हैस दूध देत होती. त्यानंतर ती देत नव्हती.

म्हशीने आधी कान टवकारले, मग मागचा पाय उचलून चरवीत ठेवला. नानीबाई चरवी तिथेच टाकून, पदर नाकाशी धरून तडक शेजारच्या दारात आल्या. माणसाच्या घरातून असा आवाज केव्हा निघतो, हे त्यांना वयोमानाने चांगले माहीत होते. ओसरीवर जानराव बशीतून चहा पीत बसले होते. त्यांना धडधाकट पाहून नानीबाई थोड्या हिरमुसल्या. पण दार उघडे होते आणि डोळ्यांत पाणीही येऊन बसले होते, तेव्हा त्यांनी विचारून घेतले.

"कोन गेलं जी?"

"कोनी नाई गेलं," जानराव म्हणाले. "आमच्या घरी संगीत आलं."

हे संगीत कामरगावात, त्यातही जानरावांच्या घरी, आणि त्यातही साठीला टेकलेल्या विजयमालाबाईंच्या तोंडी कसे आले, ते आधी सांगायला हवे. नाहीतर लोक सगळा दोष हेमसिंगला देतात, आणि त्याचा दोष फार तर निम्मा.

हिवाळ्यात बाईंना न्यूमोनिया झाला. बऱ्या झाल्या, पण दम पुरेना. कारंज्याच्या डॉक्टरांनी प्लॅस्टिकचे एक खेळणे दिले. नळीला तोंड लावून दम ओढायचा आणि आतल्या तीन गोळ्या वर चढवायच्या. बाईंनी ते काम इतके मनावर घेतले की थोड्याच दिवसांत तिन्ही गोळ्या वर ठेवून त्या डोळ्यांनी भाजीवाल्याशी भाव करू लागल्या. मग डॉक्टरांना विचारायला गेल्या की आता पुढे काय. बाहेर पेशंटची रांग लागलेली. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "आता सनई वाजवा."

डॉक्टरांनी तो विनोद केला होता. पण विजयमालाबाईंनी आजवर डॉक्टरांचे पथ्य कधी मोडले नव्हते. परतीच्या जीपमध्ये, तीन माणसांच्या जागेत पाचवी बसून, त्या सनई कुठे मिळेल याचाच विचार करत होत्या.

सनई मिळाली नाही. हेमसिंग मिळाला. एके काळी हेमसिंगचा बँड असा होता की पार मेडशीकडची लग्ने त्याच्या तारखा पाहून ठरत. मग डीजे आला. ढोलवाला सुरतेला गेला, ट्रंपेटवाला कुठल्याशा एटीएमच्या दारात खुर्ची टाकून बसला आणि हेमसिंगने पिठाची गिरणी घातली. त्याचे क्लॅरनेट गिरणीतच खिळ्याला टांगलेले असे, वर्षानुवर्षांचे पीठ अंगावर घेऊन. बाई गव्हाचा डबा घेऊन आल्या आणि हे मला शिकवता का, असे त्यांनी विचारले, तेव्हा हेमसिंगने चालू गिरणी बंद केली. बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांना वाटले, लाईन गेली.

त्याने अट एकच घातली. गाणे मागायचे नाही. "आधी एक सूर," तो म्हणाला. "तो सरळ उभा राह्यला पायजे. मंग गान्याचं पाहू."

बाईंना ते पटले, कारण त्यांना गाण्याची घाई नव्हतीच. त्यांना हवे होते ते दुसरेच काहीतरी, आणि ते त्यांना पहिल्याच फुंकेला मिळाले होते. लग्न झाल्यापासून त्यांचे एकही वाक्य घरात शेवटापर्यंत गेले नव्हते. त्या "आज मी म्हटलं" इथपर्यंत आल्या की पुढचे जानराव म्हणत, आणि नेहमी चुकीचे म्हणत. क्लॅरनेट तोंडात असताना मात्र मध्ये बोलायची कुणाची छाती नव्हती. बोलले तरी ऐकू येत नव्हते.

जानराव सभ्य गृहस्थ होते. म्हणजे त्यांच्या घराण्यात कुणी कधी साधी शीळ वाजवली नव्हती. आजोबांनी चुलतभावाशी धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, आयुष्यभर भांडण केले, वडिलांनी ते नेकीने पुढे चालवले. कलेसाठी वेळ असा कुणाला मिळालाच नाही. त्यामुळे बायको ओसरीवर बसून बँडवाल्याचे वाजवते, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी समजावून पाहिले, रुसून पाहिले, एक दिवस जेवणार नाही असेही जाहीर केले. बाईंनी ताट झाकून ठेवले आणि वाजवायला बसल्या. रिकाम्या पोटी तो आवाज जास्तच लागतो असे ध्यानात आल्यावर जानराव मुकाट्याने जेवले.

शेवटी निकाल म्हशीने लावला. ती सकाळी बाईंचा रियाज सुरू झाला की पान्हा चोरायची आणि संध्याकाळी पुन्हा होईल या धास्तीने सोडायचीच नाही. नानीबाईंनी आठवडाभर कळ काढली आणि मग ओसरीवर येऊन सांगितले की एक तर हे पिपाणं जाईल नाहीतर म्हैस जाईल, आणि म्हैस काही त्या जाऊ देणार नाहीत. जानरावांनी लगेच निवाडा दिला. वाजवायचे तर वावरात जाऊन वाजवायचे. तिथे कान असलेले कुणी नसते.

इथे जानरावांची चूक झाली. वावरात कान होते, आणि चांगले लांबलचक होते.

पाऊस लागला होता. सोयाबीन घोट्याच्या वर आले होते, मधल्या ओळींत तुरीने डोके काढले होते, आणि त्या कोवळ्या पानांवर रोज संध्याकाळी रोह्यांचा कळप उतरत होता. रोही म्हणजे नीलगाय, अंगाने घोडा, तोंडाने गाय आणि भुकेने दौऱ्यावर आलेला साहेब. जानरावांनी त्यांच्यावर सगळे उपाय करून पाहिले होते. बुजगावण्याला स्वतःचा शर्ट घातला, तर रोही त्याला पाठ घासू लागले. बायकोच्या जुन्या साड्यांचे कुंपण केले. ते रोह्यांनी आडवे केले नाही, वरून उड्या मारून तसेच ठेवले, म्हणजे साड्याही गेल्या आणि पीकही. सौर झटक्याचे यंत्र आणले, त्याचा झटका आजवर फक्त जानरावांनाच बसला होता. फटाक्यांना तर रोही इतके सरावले होते की फुटला नाही तर मान वर करून पाहत.

त्या संध्याकाळी जानराव बायकोला गाडीवर घरी न्यायला वावरात आले तेव्हा कळप नाल्याच्या बाजूने आत शिरत होता. पुढे काळानिळा नर, मागे माद्या. जानरावांनी शिवी तोंडात आणली. तेवढ्यात मचाणाखाली बसलेल्या विजयमालाबाईंनी, ज्यांना हे काही दिसत नव्हते, क्लॅरनेटची पत्ती ओठात धरून जोर लावला. पत्ती नीट बसली नव्हती. जो आवाज निघाला तो आधी वर गेला, तिथे फाटला आणि दोन तुकड्यांनी खाली आला.

नर जागच्या जागी उडाला. क्षणभर कळपाला कुठे पळावे ते कळेना, मग सगळ्यांना एकदमच कळले. नाला, पलीकडचे पडीक रान, त्याच्या पलीकडची टेकडी. जानराव शिवी तशीच तोंडात धरून उभे राहिले.

"पुन्हा वाजव," ते म्हणाले. बायकोला वाजव म्हणण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे बाई दचकल्या आणि दचकून आणखीच वाईट वाजले.

चार-आठ दिवस रोही त्या शिवारात फिरकले नाहीत. जानरावांनी ही गोष्ट आधी कुणाला सांगितली नाही, कारण सांगायची कशी तेच त्यांना उमगत नव्हते. पण लगतचे वावर विकासचे होते, आणि विकासचे सोयाबीन दर सकाळी आखूड होत चालले होते. त्याने शेजारी पाहिले, तर जानरावांचे गुडघ्याला लागलेले. तो पोरगा कृषी पदविका घेतलेला, त्यामुळे आधी त्याला खताचा संशय आला. मग एक दिवस संध्याकाळी त्याने कानांनी ऐकले आणि डोळ्यांनी पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी तो बसस्टँडवरच्या टपरीवर सगळ्यांना सांगून मोकळा झाला.

मग बोलावणी सुरू झाली. ज्या बाईला भजनी मंडळाने पेटीच्या आसपास बसू दिले नव्हते तिच्यासाठी लोक गाडी घेऊन दारात उभे राहू लागले. विजूकाकू, आज आमच्या वावरात या. काकू, चहा तिथंच करतो. काकू, खुर्ची ठेवली हाय. जानराव आपोआप व्यवस्थापक झाले. आजवर ते बायकोला चारचौघांत 'ही' म्हणत. आता 'आमच्या मिसेस' म्हणू लागले. आमच्या मिसेस उद्या नाल्यापलीकडे आहेत. आमच्या मिसेसला पित्त झाले आहे, परवा बघू. विकासने एकदा खटपट वाचवण्यासाठी बाईंचे वाजवणे मोबाईलवर घेतले आणि डीजेचा भोंगा आणून वावरात लावला. पहिल्या दिवशी रोही पळाले. दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या सावलीत बसले. तेव्हा कला ही समोरासमोरच पोचते, असे गावाचे मत पडले.

भानगड एकदाच झाली. शिवेपलीकडच्या गावची माणसे जीप करून आली आणि तुमच्या बाईने हाकललेले रोही आमच्या वावरात आले, म्हणून तणतणू लागली. जानरावांनी त्यांना बसवले, पाणी दिले आणि हे तर प्रमाणपत्रच झाले की, असे सांगितले. जाताना ती माणसे पुढच्या सोमवारचे बोलावणे देऊन गेली.

विजयमालाबाईंना हे सगळे आवडत होते, आणि आवडत नव्हतेही. आवडत होते ते खुर्चीवर बसणे, कुणीतरी दोन्ही हातांनी चहाचा कप पुढे करणे, चार माणसे वाट पाहत उभी असणे. पण त्या रोज सकाळी गिरणीत हेमसिंगपुढे बसत होत्या, आणि हेमसिंग काही राखणीसाठी शिकवत नव्हता. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया आवळून तो ऐके आणि म्हणे, हलला. पुन्हा. हलला. पुन्हा. पावसाळा सरता सरता एक दिवस तो काहीच म्हणाला नाही. सूर उभा राहिला होता. हेमसिंगने त्या दिवशी दळण चाळायच्या निमित्ताने तोंड फिरवून घेतले आणि बऱ्याच वेळाने सांगितले, आता बोटे.

दसऱ्यापर्यंत बोटे बसली. दिवाळीच्या सुमारास त्याने बाईंना पहिली चाल दिली. नवरीची पाठवणी करताना त्याचा बँड वाजवायचा ती. ती वाजायला लागली की वरमाई घाईने पाहुण्यांची मोजदाद सोडायची आणि नवरीचा बाप मांडवाच्या खांबामागे जायचा, अशी त्या चालीची ख्याती होती.

तोवर सोयाबीन निघून गेले होते आणि तूर शेंगांवर आली होती. रोह्यांना तुरीच्या कोवळ्या शेंगांपुढे दुसरे काही सुचत नाही. त्या संध्याकाळी कळप जानरावांच्या आणि विकासच्या वावरांच्या मधोमध, धुऱ्यावरूनच आत आला. जानराव आणि विकास निवांत उभे होते. विकास तर खिशात हात घालून उभा होता. बाईंनी क्लॅरनेट उचलले, आणि त्यांच्या मनात आले की आज ती चाल वाजवून पाहावी.

पहिली ओळ गेली. रोह्यांनी माना वर केल्या. नर दोन पावले पुढे आला. बाईंनी दुसरी ओळ घेतली, वरचा सूर लागायचा तिथे लागला, आणि आपणच वाजवतोय यावर त्यांचा विश्वास बसेना. कळप तसाच उभा होता, कान पुढे करून. अख्खी चाल त्यांनी वाजवली, एकदा, आणि मग पुन्हा अगदी पहिल्यापासून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, त्यामुळे कळप केव्हा खायला लागला हे त्यांना दिसले नाही. जानरावांना दिसले.

"अवं, खाऊन राह्यले ते," जानराव म्हणाले.

"आयकूनबी राह्यले," बाई म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी गिरणीत त्यांनी हे हेमसिंगला सांगितले. त्या थोड्या खट्टू होत्या. ऐकले ते खरे, पण चावत चावत. हेमसिंगने पट्टा चढवता चढवता ऐकून घेतले आणि म्हणाला, "लग्नात काय वेगळं असते, बाई? आपल्याले आयकनारा मानूस खातच असते."

गावात मात्र बोंब झाली. काकू बिघडल्या, असा सूर निघाला. म्हणजे काकू सुधारल्या. ज्यांच्या ज्यांच्या वावरात बाई त्या आठवड्यात गेल्या त्यांच्या त्यांच्या तुरी रोह्यांनी संगीताच्या साथीने खाल्ल्या. शेवटी दहा-पंधरा माणसे जानरावांच्या ओसरीवर जमली. बोलायला विकासला पुढे केले, कारण तो शिकलेला. त्याने सुरुवात चांगली केली. काकूंची प्रगती ही साऱ्या गावाला अभिमानाची गोष्ट आहे वगैरे. मग अडखळला.

"पन काकू, तूर निघेपर्यंत तरी... ते पह्यल्यासारखं वाजवा ना. ते लय भारी होतं."

विजयमालाबाई उठल्या. त्या आत गेल्या. इतके दिवस ज्या खुर्चीवर आपल्याला बसवले जात होते ती कशासाठी होती हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असणे वेगळे आणि दहा-पंधरा माणसांनी ओसरीवर बसून सांगणे वेगळे. त्यांनी चुलीवर चहाचे आधण ठेवले, साखर टाकायला विसरल्या आणि तोच चहा बाहेर पाठवला. माणसांनी तो न बोलता प्यायला.

तिथून ती मंडळी गिरणीवर गेली. मास्तर, तुम्ही शिकवणे थांबवा, निदान संक्रांतीपर्यंत, अशी त्यांनी विनवणी केली. जमल्यास शिकवलेले थोडे परत घ्या. हेमसिंगने सगळे शांतपणे ऐकले. उभ्या जन्मात त्याच्या बँडविषयी ज्या तक्रारी आल्या त्या उशिरा येण्याच्या, लवकर जाण्याच्या आणि जास्त जेवण्याच्या. शिष्य फार चांगला वाजवतो ही तक्रार पहिलीच. त्याने गिरणी बंद केली, समोरच्या हॉटेलातून पेढे मागवले आणि तक्रार करायला आलेल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला.

इकडे जानरावांचा जीव तुरीत अडकला होता. धुऱ्याकडच्या ओळी नुसत्या काड्या होऊन उभ्या होत्या. त्यांनी दोन दिवस बायकोची मनधरणी केली. हे कौशल्य त्यांनी आधी कधी वापरले नव्हते, त्यामुळे ते त्यांना नीट जमत नव्हते. मध्येच ते रागवत आणि पुन्हा पहिल्यापासून मनधरणी करत. अखेर बाई तयार झाल्या. जानरावांसाठी नव्हे. ती तूर त्यांनी स्वतःच्या हाताने दाणा दाणा टोबून पेरली होती.

संध्याकाळी सगळे वावरात गेले. विकास आपल्या धुऱ्यावर उभा राहिला. आणखी काही माणसे रस्त्यावर गाड्या लावून थांबली. कळप वेळेवर आला. बाईंनी क्लॅरनेट तोंडाला लावले, डोळे मिटले आणि मन घट्ट करून वाईट वाजवायला घेतले.

जमेना. त्यांनी ओठ सैल सोडले, तर सूर हलला, पण असा की कुणी मुद्दाम हलवावा. चुकीची चावी दाबली, तर बोट आपले आपण घसरून योग्य चावीवर गेले, आणि त्या घसरण्यातून इतकी नाजूक हरकत निघाली की रस्त्यावरचा एक म्हातारा 'वा' म्हणून गेला आणि लगेच त्याने जीभ चावली. रोही आणखी जवळ आले. एक मादी तर बसलीच.

"अवं, बेसूर वाजव, बेसूर," जानराव दबक्या आवाजात म्हणाले.

"होत नाई जी माझ्यानं."

"होत नाई म्हंजे? आतापर्यंत त होत होतं."

"तुमी वाजवून पाहा मंग."

"दे इकडे," जानराव म्हणाले. त्यांनी बायकोच्या हातातले क्लॅरनेट ओढून घेतले. "त्यात काय एवढं. फुंकच त मारायची."

आणि त्यांनी फुंक मारली.

तो आवाज कसा होता हे सांगणे कठीण आहे. विजयमालाबाईंचा सुरुवातीचा आवाज वाईट होता, पण तो निदान काहीतरी शोधत होता. जानरावांच्या आवाजाला कशाचाच शोध नव्हता. तो थेट त्यांच्या घराण्यातून आला होता. आजोबांचे भांडण, वडिलांचे भांडण, पिढ्यान्‌पिढ्या न वाजवलेली शीळ, सगळे एकदम बाहेर पडले. बसलेली मादी उठली ती हवेतच. नराने विकासच्या डोक्यावरून उडी घेतली असे विकास पुढे सांगत असे. डोक्यावरून नसेल, पण टोपी गेली हे खरे. नाल्यापलीकडून रानडुकरांची एक टोळी बाहेर पडली. ती तिथे होती हे तोवर कुणालाच माहीत नव्हते. रस्त्यावर लावलेल्या गाड्यांपैकी एक आडवी झाली.

मग सगळीकडे शांत झाले. जानरावांनी क्लॅरनेट तोंडातून काढून उलटसुलट करून पाहिले. विजयमालाबाई तुरीच्या ओळीत मटकन बसल्या होत्या. त्यांना हसू आवरत नव्हते. इतके की न्यूमोनियानंतर छातीची खरी परीक्षा काय ती त्याच दिवशी झाली. विकासने टोपी शोधली नाही. तो धुरा ओलांडून आला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "काका, उद्या आमच्याकडे."

जानरावांनी साफ नाही म्हणून सांगितले. ते सभ्य गृहस्थ होते. पण दुसऱ्या दिवशी खुर्ची आली, तिसऱ्या दिवशी चहा आला आणि चौथ्या दिवशी शिवेपलीकडची जीप येऊन दारात उभी राहिली. हेमसिंगने बँडमधले एक जुने क्लॅरनेट त्यांना काढून दिले, दोन चाव्या गेलेले. दुरुस्त करतो म्हणाला, पण त्याने ते केले नाही. बाईंचे वाजवणे पुन्हा ओसरीवर सुरू झाले, म्हशीची आता त्याला तक्रार नव्हती, आणि जानराव संध्याकाळ झाली की क्लॅरनेटची काळी पेटी काखेत मारून, मफलर गुंडाळून बाहेर पडू लागले. आता व्यवस्थापक असा कुणी नव्हता. लोक थेट त्यांच्याशीच बोलत. ते नाटकातल्या नटासारखे घसा खाकरत, जरी त्या वाद्याला घशाचा उपयोग नव्हता.

माणसाला एकदा खुर्ची मिळाली की त्याला आपल्यात गुण दिसू लागतात. जानराव एक दिवस गिरणीवर जाऊन हेमसिंगपुढे बसले आणि मलाही शिकव म्हणाले. रांगेतली माणसे घाबरून पाहू लागली. हेमसिंगने एक सूर वाजवायला सांगितला. जानरावांनी वाजवला. गिरणीच्या पत्र्यावरची कबुतरे उडाली. हेमसिंग गंभीरपणे म्हणाला, "काका, तुमाले शिकवन्यासारखं माझ्यापाशी काईच नाई."

ही दाद जानरावांनी घरी येऊन दोनदा सांगितली. विजयमालाबाई भाकरी थापत होत्या. जानराव ताटावर बसले, पण त्यांचे जेवणात लक्ष नव्हते. वरणात बोट फिरवत ते म्हणाले की गुरू असो नसो, रियाजाशिवाय काही नाही. उद्यापासून पहाटे उठून आपणही घरीच बसायचे, एक सूर धरून, सरळ होईपर्यंत. एवढ्या लोकांचा विश्वास आहे तर कला वाढवायला हवी.

बाईंचा भाकरीवरचा हात थांबला. त्यांच्या डोळ्यांपुढे सरळ झालेला सूर आला, आणि त्यामागोमाग तूर आली, विकासची, शिवेपलीकडची, सगळ्यांची. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, हात धुतला, नवऱ्याच्या वरणावर तुपाची धार धरली आणि आजवर कधी बोलल्या नव्हत्या इतक्या मायेने बोलल्या.

"कायले रियाज करता जी? तुमी हाये तसेच लय चांगले हा. काई शिकू नका."

जानराव ताटाकडे पाहत राहिले. लग्नाला इतकी वर्षे झाली. तुम्ही आहात तसे चांगले आहात, हे त्यांना कुणीच कधी म्हटले नव्हते, आईनेसुद्धा नाही. त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवरच्या टपरीवर त्यांनी चारचौघांत सांगितले की कलेची खरी पारख घरातच असते, आणि आपण रियाज न करायचे ठरवले आहे. चारचौघांनी मनापासून माना डोलावल्या. सगळ्यांचीच तूर अजून वावरात उभी होती.